एका मार्कामागे पावणेतीनशे डॉक्टर

३ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी ९ वाजता देशातल्या ३०१ शहरांत, १,०५२ केंद्रांवर, एकाच वेळी पेपर सुरू झाला. नाव नोंदवलेले डॉक्टर २ लाख ४२ हजारांहून जास्त होते, प्रत्यक्ष बसले सुमारे २ लाख ३० हजार. मुंबईचं वानखेडे स्टेडियम सात वेळा भरेल एवढी ही माणसं, आणि त्यातला प्रत्येक जण एमबीबीएस झालेला. प्रत्येकासमोर २०० प्रश्न. दुपारी साडेबाराला पेपर संपला तेव्हा ४ कोटी ६० लाख प्रश्न सोडवून किंवा सोडून झाले होते.

ही नीट पीजी. एमडी, एमएस, डीएनबी किंवा पदव्युत्तर पदविका यांपैकी काहीही करायचं तर बहुतेकांना याच दारातून जावं लागतं. एम्स आणि मोजक्या राष्ट्रीय संस्थांची वेगळी परीक्षा आहे, बाकी सगळा देश इथे. साडेपाच वर्षांचं शिक्षण, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि मग साडेतीन तासांचा हा पेपर. मेडिसिन की मायक्रोबायोलॉजी, परळ की परराज्य, सरकारी फी की खासगी कॉलेजची, या सगळ्याचा निकाल एका आकड्यावर लागतो.

२ लाख ३० हजार माणसांचे साडेतीन तास म्हणजे ८ लाख ५ हजार तास. वर्षांत मांडलं तर जवळपास ९२ वर्षं. एका रविवारच्या सकाळी या देशाने एका माणसाच्या पूर्ण आयुष्याएवढा वेळ परीक्षेला दिला. पण पेपर हा त्यातला अगदी लहान भाग. प्रत्येकाने वर्षभर रोज सहा तास अभ्यास केला असं धरू. ड्रॉप घेतलेले, म्हणजे वर्षभर फक्त या परीक्षेचाच अभ्यास करणारे, दहा-बारा तास करतात, इंटर्नशिप करणाऱ्यांना चार तासही जड जातात, म्हणून सहा हा मधला अंदाज. एकूण तास होतात ५० कोटींच्या वर. म्हणजे सुमारे ५७ हजार वर्षं. एवढी वर्षं मागे गेलो तर युरोपात निअँडरथल माणूस वावरत होता. ही एका वर्षाच्या तयारीची बेरीज आहे, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एवढा वेळ जातो कुठे? अभ्यासक्रमात १९ विषय. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीपासून सुरुवात, मग पॅथॉलॉजी, फार्मॅकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फोरेन्सिक, पीएसएम (सामाजिक वैद्यक), ईएनटी, नेत्ररोग आणि शेवटी मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, बालरोग, ऑर्थो वगैरे. मेडिसिनचं प्रमाण पुस्तक हॅरिसन. दोन जाडजूड खंड, तीन हजारांहून जास्त पानं, प्रत्येक पानावर दोन स्तंभ आणि बारीक अक्षर. एक पान समजून वाचायला दहा मिनिटं धरा, ती कमीच आहेत. तीन हजार पानांना ५०० तास, म्हणजे रोज आठ तास वाचलं तर दोन महिने. हे झालं एका विषयाचं एक पुस्तक, तेही एकदाच वाचून. म्हणून परीक्षेसाठी हॅरिसन पहिल्यापासून शेवटपर्यंत सहसा कोणी वाचत नाही. मुलं नोट्स वाचतात, व्हिडिओ दीडपट-दुप्पट वेगाने बघतात आणि क्यू बँक, म्हणजे सरावाचे प्रश्नसंच, सोडवतात. याला आळस म्हणणाऱ्या जुन्या प्राध्यापकांनी वरचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

आणि वाचलेलं राहतं किती? हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तो पाठ करायचा आणि ठरावीक काळाने त्याच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. वीस मिनिटांनी बचत होणारा वेळ ५८ टक्के होता, एका दिवसाने तो ३४ टक्क्यांवर आला आणि महिन्याने २१ टक्क्यांवर. वैद्यकशास्त्र निरर्थक नाही, त्यामुळे इतकी पडझड इथे होत नसावी. पण जानेवारीत पाठ केलेली अँटिबायोटिक्सची वर्गवारी जूनमध्ये कोरी का वाटते, हे प्रत्येक पीजी अॅस्पिरंटला ठाऊक असतं. दुसरी रिव्हिजन, तिसरी रिव्हिजन, चौथी रिव्हिजन हे शब्द हॉस्टेलच्या खोल्यांत रोज ऐकू येतात ते त्यामुळेच.

यावरचा एक उपाय मात्र आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या दोन तऱ्हा ताडून पाहिल्या. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीन वेळा, न बघता, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. नोट्सवर चौथा रंग चढवण्यापेक्षा पुस्तक मिटून चाळीस प्रश्न सोडवावेत, हे सीनियर सांगतात ते उगाच नाही. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, आणि त्याच वाटण्याने माणूस फसतो.

आता एक प्रश्न जवळून पाहू. प्रश्न मी माझ्या शब्दांत बेततोय, पण धाटणी हीच असते. ५८ वर्षांचा मधुमेही पुरुष, तासाभरापासून छातीत दुखतंय, दरदरून घाम, नाडी ४८, रक्तदाब ९० वर ६०, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसं स्वच्छ. ईसीजीत लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेला. यापैकी काय देणं टाळाल? खाली चार पर्याय: अॅस्पिरिन, सलाइन, नायट्रोग्लिसरीन, अॅट्रोपिन. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका, बहुधा उजवी करोनरी बंद, उजवा कप्पाही त्यात सापडलेला. अशा पेशंटचा रक्तदाब उजव्या कप्प्यात येणाऱ्या रक्तावर तगून असतो, नायट्रोग्लिसरीन दिलं तर तो कोसळेल. उत्तर तिसरं. ज्याला येतं त्याला सोपं वाटेल, पण ते शोधताना ईसीजी वाचावा लागतो, मानेच्या शिरा आणि स्वच्छ फुप्फुसं यांचा मेळ घालावा लागतो आणि औषधाचा परिणाम आठवावा लागतो.

यासाठी वेळ किती? २०२४ पासून पेपर पाच भागांत असतो, प्रत्येक भागात ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं. भाग संपला की तो बंद, मागे वळून बघता येत नाही. म्हणजे प्रश्नामागे ६३ सेकंद. समजा सरासरी प्रश्न पर्यायांसकट ६५ शब्दांचा आहे. २०० प्रश्नांचे झाले १३ हजार शब्द. मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने नुसतं वाचायला ६५ मिनिटं गेली. उरलेल्या १४५ मिनिटांत विचार करायचा, म्हणजे प्रश्नाला जेमतेम ४३ सेकंद. सलग साडेतीन तास.

ही तयारी करणारी मुलं बसलेली कुठे असतात, तेही पाहायला हवं. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्री उशिरा कॅज्युल्टीत जा. नर्सिंग स्टेशनशेजारी स्टुलावर एखादी इंटर्न दिसेल, अॅप्रनच्या खिशात टुर्निके आणि निळ्या-लाल-जांभळ्या झाकणांच्या रिकाम्या बाटल्या. सॅम्पल काढणं, बाटलीवर नाव-नंबर लिहिणं, लॅबला पोचवणं, ईसीजी काढणं, ड्रेसिंग करणं, ही तिची कामं. दोन पेशंटच्या मधल्या दहा मिनिटांत ती फोनवर क्यू बँक उघडते. पाच-सहा प्रश्न होतात तोवर हाक येते. फोनवरच्या प्रश्नात शीर शोधावी लागत नाही, घाबरलेल्या मुलाला त्याच्या वडिलांबद्दल समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या खाटेवर दोन्ही करावं लागतं, आणि त्याचे मार्क कोणी देत नाही. रात्रभर हे करून सकाळी खोलीवर गेलेली ही मुलगी आणि वर्षभर अभ्यासिकेत बसलेला ड्रॉपर एकाच यादीत उभे राहतात.

मग यादी कितपत खरी बोलते? गणित पुन्हा मदतीला येतं. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला एक वजा, कोऱ्याला शून्य, एकूण ८००. २०० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, एकही कोरा नाही असं धरलं तर उत्तरपत्रिका किती प्रकारे भरता येईल? चारचा दोनशेवा घात, म्हणजे १२१ आकडी संख्या. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण ८१ आकडी मानली जाते. प्रत्येक अणूला एकेक वेगळी उत्तरपत्रिका वाटली, तरी जवळपास सगळ्या उत्तरपत्रिका उरतील. आणि त्या सगळ्या शक्यतांत ८०० पैकी ८०० देणारी उत्तरपत्रिका फक्त एक.

डोळे मिटून सगळे प्रश्न ठोकले तर? सरासरी ५० बरोबर, १५० चूक, हाती ५० मार्क. प्रश्नामागे पाव मार्काचा फायदाच होतो, म्हणून नीट पीजीत प्रश्न कोरा सोडणं तोट्याचं. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर फायदा दीड मार्काचा. आता २ लाख ३० हजार जणांनी डोळे मिटूनच पेपर दिला अशी कल्पना करा. त्यातल्या सगळ्यात नशीबवान माणसालाही दोनशेच्या आसपासच मार्क मिळतील. २०२५ मध्ये खुल्या वर्गाचा ५० पर्सेंटाइलचा कटऑफ होता २७६. तो गाठायला सगळे प्रश्न सोडवून किमान ९६ बरोबर यावे लागतात. शंभर कोटी माणसं डोळे मिटून बसली तरी त्यातला एकही तिथवर जाईल अशी आशा नको. म्हणून ही परीक्षा लॉटरी आहे असं रागाने म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्याला वैद्यक येत नाही त्याला ती अचूक ओळखते.

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघा. २७६ हा मध्य, म्हणजे निम्मे डॉक्टर त्याच्या खाली आणि निम्मे वर. वरचे १ लाख १५ हजार कुठे सामावले? २७६ पासून साधारण ७०० च्या थोडं पुढपर्यंत, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे मार्कांच्या पट्ट्यात. एका मार्कामागे सरासरी पावणेतीनशे डॉक्टर येतात. मधल्या भागात ही गर्दी त्याहून दाट, टोकाला विरळ. एक प्रश्न बरोबर येण्याऐवजी चुकला तर फरक पाच मार्कांचा, म्हणजे सरासरी तेराशे क्रमांकांचा. नायट्रोग्लिसरीनऐवजी अॅट्रोपिनवर क्लिक झालं आणि मागचे तेराशे डॉक्टर पुढे निघून गेले.

आणखी एक पायरी पुढे जाऊ, कारण या लेखात सांगायचं आहे ते इथेच आहे. चांगली तयारी झालेल्या कोणालाही विचारा, पेपरात निदान चाळीस प्रश्न असे असतात की दोन पर्यायांत अडकायला होतं. हे की ते, निर्णय पन्नास-पन्नास. चाळीस वेळा नाणं उडवलं तर दर वेळी नेमके वीस छापे पडत नाहीत. कधी सतरा, कधी तेवीस, आणि हा तिनाचा फरक अगदी नेहमीचा. तीन प्रश्न म्हणजे पंधरा-सोळा मार्क. पावणेतीनशेने गुणा. तोच विद्यार्थी, तीच तयारी, तोच पेपर, आणि केवळ त्या चाळीस नाण्यांच्या उलटसुलट पडण्याने क्रमांक चार हजारांनी वर किंवा चार हजारांनी खाली जाऊ शकतो. वीस हजारावा आलेला डॉक्टर सोळा हजारावाही आला असता, चोवीस हजारावाही आला असता. तरीही कौन्सेलिंगच्या यादीत वीस हजारावा आणि वीस हजार एकावा यांच्यामध्ये भिंत असते. एकाला पुण्यात मेडिसिन मिळतं, दुसऱ्याला मिळत नाही.

मार्क सारखे झाले तर कोण वर, याचेही नियम आहेत. १५० बरोबर आणि ५० कोरे सोडणाऱ्याचे ६०० होतात, १६० बरोबर आणि ४० चूक करणाऱ्याचेही ६००. बरोबर उत्तरं किती, वय किती, असे निकष लावून त्यांना वेगळं केलं जातं. २०२४ मध्ये परीक्षा दोन सत्रांत झाली, तेव्हा पर्सेंटाइल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत काढले गेले. दोन लाखांवर परीक्षार्थी असताना एक माणूस म्हणजे पर्सेंटाइलचा दोन हजारावा भाग, त्यामुळे रांग लावायला एवढी बारीक मोजपट्टी लागणारच. पण रांगेत कोण कुठे उभा आहे एवढंच ती सांगते. सातव्या दशांशावर पुढे असलेला डॉक्टर अधिक चांगला, असा अर्थ तिच्यातून काढणं चूक आहे.

जागांचं काय? २०१४ पूर्वी देशात पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या. सरकारने २०२४ च्या जुलैमध्ये संसदेत दिलेला आकडा ७२,६२७. दुपटीहून जास्त. त्याच काळात एमबीबीएसच्या जागा ५१,३४८ वरून १ लाख १२ हजारांवर गेल्या, म्हणजे दाराशी येणारी गर्दीही तशीच वाढली. वरवर पाहता तिघांतल्या एकाला जागा मिळते. पण रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग यांच्या सरकारी जागांसाठी झुंबड, आणि दुसरीकडे अॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयांच्या जागा रिकाम्या. २०२१ च्या प्रवेशांत १,४५६ जागा रिकाम्या राहिल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२३ च्या सप्टेंबरात तर सर्व वर्गांसाठी पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. जो परीक्षेला बसला तो पात्र. डोळे मिटून ठोकणाऱ्या शंभर जणांतल्या पाच-सहा जणांनाच शून्य किंवा त्याखाली मार्क मिळतात, तेही पात्र. जागा वाया जाऊ नये ही चिंता मला कळते, आणि अॅनाटॉमी शिकवायला माणसं हवीतच. पण शिक्षकांना नीट पगार आणि संशोधनाला पैसा न देता पात्रतेची फूटपट्टीच काढून टाकणं, हा उपाय नव्हे.

शेवटचा हिशेब मला सगळ्यात जास्त सलतो. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. २२ जूनच्या शनिवारी रात्री ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. तोपर्यंत कितीतरी मुलं रेल्वेने, बसने दुसऱ्या शहरात पोचली होती, लॉजवर उतरली होती. परीक्षा झाली ११ ऑगस्टला, ४९ दिवसांनी. नोंदणी होती सुमारे २ लाख २८ हजारांची. ४९ ने गुणा: १ कोटी ११ लाखांहून जास्त दिवस, म्हणजे तीस हजार वर्षं. एका रात्रीच्या एका परिपत्रकाने. पुढच्या वर्षी परीक्षा १५ जूनला दोन सत्रांत ठरली होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मे रोजी ती एकाच सत्रात घ्यायला सांगितलं, कारण दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी कधीच सारखी म्हणता येत नाही. निर्णय रास्त होता आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण जे मेच्या अखेरीस न्यायालयाला सांगावं लागलं, ते वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवता आलं असतं. केंद्रं ४१६ वरून १,०५२ वर नेता येतात हे नंतर दिसलंच. तारीख मात्र पुन्हा सात आठवड्यांनी पुढे गेली.

या सात आठवड्यांत इंटर्नशिप संपलेला डॉक्टर ना रुग्णालयात असतो, ना पदव्युत्तर वर्गात. तो घरी किंवा अभ्यासिकेत तीच क्यू बँक तिसऱ्यांदा सोडवतो, आणि रुग्णालयांत पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर उशिरा येतात म्हणून दुसऱ्या वर्षाचे दुप्पट ड्युटी करतात. परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे आणि आरोग्य मंत्रालयाकडे एवढंच मागणं आहे: पुढच्या वर्षीच्या नीट पीजीची तारीख, सत्र एकच असल्याची खात्री आणि कौन्सेलिंगचं वेळापत्रक एक वर्ष आधी जाहीर करा, आणि एकदा जाहीर केलं की ते पाळा.